चोर आधीच कळला, आता पुस्तकाचे काय?

पत्राचा सारांश: पत्रलेखक अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा यांचे वडील आहेत. लहानपणी मराठी अनुवादातून झपाटल्यासारखी वाचलेली एक जुनी बालरहस्यकथांची पुस्तकमालिका ते गेले काही महिने रात्री झोपण्यापूर्वी मुलीला मोठ्याने वाचून दाखवत होते. चार पुस्तके झाली, पाचवे अर्ध्यावर आले. दरम्यान याच पुस्तकांवर एक वेबमालिका आली. ‘आधी पुस्तक, मग पडदा’ असा घरात नियम असूनही मुलीने मैत्रिणीकडे तिचा पहिला सीझन पूर्ण पाहून टाकला. त्यात पहिल्या सहा पुस्तकांचे कथानक येऊन गेल्यामुळे पाचव्या आणि सहाव्या पुस्तकातला गुन्हेगार तिला आता ठाऊक आहे. शिवाय ‘पुस्तकातली मुलगी नुसती घाबरते आणि आवराआवर करते, सीरियलमधली कितीतरी भारी आहे’ असे तिने वडिलांना ऐकवले. तेव्हापासून वडिलांनी वाचन बंद ठेवले आहे आणि ते मुलीपेक्षाही लहान होऊन रुसले आहेत असे त्यांच्या पत्नीचे म्हणणे आहे. आता दुसरा सीझन येऊ घातला आहे. पुस्तके संपेपर्यंत मुलीला तो पाहू द्यावा की नाही, मुळाची मोडतोड करणारी अशी रूपांतरे मुलांना वाचनापासून तोडतात का, आणि रहस्यच उरलेले नसताना पुढे वाचण्यात काही अर्थ आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

सप्रेम नमस्कार.

पुस्तकमालिकेचे नाव तुम्ही पत्रात लिहिले आहे; ते इथे मुद्दाम दिलेले नाही, कारण नाव घेतले की बोलणे त्या एका रूपांतराच्या गुणदोषांवर घसरते, आणि तुमचा पेच तर वेगवेगळ्या मालिकांच्या निमित्ताने अनेक घरांत पडत असतो. तुमच्या तीन प्रश्नांपैकी दुसऱ्या सीझनचा प्रश्न मी शेवटी घेतो. त्याचे उत्तर बाकीच्या दोन प्रश्नांवर अवलंबून आहे, आणि त्या दोन्ही प्रश्नांच्या पोटात तुम्ही काही गोष्टी तपासून न पाहता गृहीत धरल्या आहेत असे मला वाटते.

गुन्हेगाराचे नाव कळले की रहस्यकथा संपली, हे त्यातले पहिले गृहीतक. ते किती टिकते हे पाहायला फार लांब जायला नको. ही पुस्तके तुम्हाला जवळजवळ पाठ आहेत असे तुम्हीच लिहिता. म्हणजे मुलीला चार पुस्तके वाचून दाखवताना चोर कोण, ऐवज कुठे दडवला आहे आणि कोणता सज्जन गृहस्थ शेवटी बदमाश निघणार आहे, हे सगळे तुम्हाला पहिल्या पानापासून माहीत होते. तरीही तुम्हाला कंटाळा आला नाही. उलट, कोणत्या वाक्यापाशी थांबून पुस्तक मिटायचे, त्या बदमाशाचा आवाज किती सालस काढायचा, मुलीने भलत्याच माणसावर संशय घेतला की आपला चेहरा कोरा कसा ठेवायचा, यात तुम्ही रंगून गेला होता हे तुमच्या पत्राच्या पहिल्या पानावर स्वच्छ दिसते. रहस्य ठाऊक असूनही ज्याची मजा गेली नाही असा एक वाचक तुमच्या घरात आधीपासूनच आहे. मग तेच रहस्य मुलीला कळल्यावर पुस्तक रिकामे कसे झाले?

काहीच हरवले नाही, असे मी म्हणत नाही. शेवट माहीत नसताना शेवटाकडे जाण्याचा थरार प्रत्येक पुस्तकाच्या वाट्याला एकदाच येतो, आणि पाचव्या-सहाव्या पुस्तकापुरता तो तिने मैत्रिणीच्या घरी खर्च केला आहे. तो वाया गेला असे मात्र म्हणता येणार नाही; धक्का तिला बसलाच, फक्त तो पडद्याने दिला, आणि त्या वेळी शेजारी तुमच्याऐवजी मैत्रीण होती. तुमच्या नाराजीत या शेवटच्या गोष्टीचा वाटा मोठा असावा अशी मला शंका आहे. तसे असेल तर त्यात लाजण्यासारखे काही नाही, पण त्या नाराजीला रहस्यभंगाचे नाव देऊ नये, कारण मग शिक्षा भलत्याच गुन्ह्याची होते.

या विषयावर थोडे प्रयोगही झाले आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील जोनाथन लेविट आणि निकोलस क्रिस्टनफेल्ड या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात काही वाचकांना कथेचा शेवट आधीच सांगून टाकला होता, आणि सरासरी पाहता त्या वाचकांना कथा किंचित जास्तच आवडल्या. त्यांत रहस्यकथाही होत्या. हा निष्कर्ष खूप गाजला, पण त्यातले वाचक महाविद्यालयीन विद्यार्थी होते, कथा छोट्या होत्या, आणि नंतरच्या काही अभ्यासांचे निकाल उलट बाजूला झुकले. म्हणून ‘स्पॉइलर चांगलेच असतात’ असे म्हणायला हा आधार पुरेसा नाही. शेवट कळला की सगळे संपले, हे म्हणणेही तितकेच घाईचे आहे, एवढे मात्र त्यातून घेता येते. काही मुलांना शेवट आधी कळलेला अजिबात खपत नाही आणि काही मुले शेवटचे पान आधी वाचूनच निर्धास्तपणे पहिल्या पानाकडे वळतात. तुमची मुलगी यांपैकी कोणत्या जातीची आहे हे तुम्ही तिला विचारल्याचा उल्लेख पत्रात नाही. ते आधी विचारा.

बालरहस्यकथेत खरी करामत कुठे असते हे पाहायचे असेल तर एरिख केस्टनर यांनी १९२९ साली लिहिलेली एमिल आणि बालगुप्तहेरांची जर्मन कादंबरी पाहावी. एमिल हा शाळकरी मुलगा रेल्वेने बर्लिनला आजीकडे निघाला आहे. आईने दिलेले १४० मार्क, म्हणजे शंभराची एक आणि विसाच्या दोन नोटा, त्याने एका पाकिटात घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवल्या आहेत. तरीही त्याला धीर वाटत नाही, म्हणून तो गाडीच्या स्वच्छतागृहात जातो आणि टाचणीने ते पाकीट नोटांसकट कोटाच्या अस्तराला टोचून ठेवतो. पुढे डब्यात त्याला झोप लागते. जाग येते तेव्हा पैसे गेलेले असतात आणि समोर बसलेला टोपीवाला गृहस्थही गेलेला असतो. इथून पुढे चोर कोण हा प्रश्नच उरत नाही. तो एमिललाही ठाऊक आहे आणि वाचकालाही. उरतो तो प्रश्न असा, की एका मोठ्या माणसाने साफ नाकारल्यावर त्याच्याजवळचे पैसे आपले आहेत हे एका लहान मुलाने सिद्ध कसे करायचे. शेवटी बँकेत एमिलला ती टाचणी आठवते आणि नोटांवर तिची भोके सापडतात. पहिल्या वाचनात टाचणीचा प्रसंग आपण भित्र्या मुलाची काळजी म्हणून वाचून सोडून देतो. दुसऱ्यांदा वाचताना तिथेच थबकतो, कारण लेखकाने पुरावा आपल्या डोळ्यांदेखत ठेवला होता आणि आपण त्याच्यावरून नजर फिरवून पुढे गेलो होतो. (ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी मी आत्ता टाचणीची गंमत फोडली आहे. त्यांनी ती तरीही वाचावी, म्हणजे माझे म्हणणे खरे की खोटे हे त्यांना स्वतःच ठरवता येईल.)

तुमच्या अर्ध्यावर राहिलेल्या पाचव्या पुस्तकाला नेमका हाच दुसऱ्या वाचनाचा प्रकार लागू करता येईल. मुलीला गुन्हेगार माहीत आहे हे लपवण्याची कसरत सोडून द्या आणि डाव उलटा मांडा: आतापर्यंत ती चोराला शोधत होती, आता तिने लेखकाला पकडायचे. लेखकाने पहिल्यांदा आपली दिशाभूल कुठे केली? गुन्हेगार पहिल्यांदा पानावर आला तेव्हा त्याच्या हातात काय होते, आणि तो जे बोलला त्यातला कोणता शब्द खोटा होता? रहस्यकथा लिहिणाऱ्यांच्या काही ठरावीक हातचलाख्या असतात. महत्त्वाची वस्तू चार बिनमहत्त्वाच्या वस्तूंच्या यादीत मधोमध ठेवायची. पुरावा दिसल्याबरोबर कुणाला तरी पळायला, पडायला किंवा ओरडायला लावायचे, म्हणजे वाचकाचे लक्ष तिकडे जाते. खरी गोष्ट अशा पात्राच्या तोंडी घालायची की ज्याचे कोणी मनावर घेत नाही, आणि मुलांच्या मालिकांत हे पात्र बहुधा सगळ्यात धाकटे भावंड किंवा सतत कुरकुरणारा एखादा म्हातारा असतो. अकरा वर्षांच्या मुलीला एकदा हे दिसू लागले की सहावे पुस्तक ती या नजरेने आपणहून वाचेल, आणि सातव्यात, जिथे तिला शेवट माहीत नाही, तिथे ती तुमच्यापेक्षा हुशार निघण्याची बरीच शक्यता आहे.

वेबमालिका या खेळात अडथळा नसून उलट उपयोगाची आहे, कारण पडद्याला या हातचलाख्या तशाच्या तशा वापरता येत नाहीत. पुस्तकातली टाचणी एका ओळीत येऊन जाते. पडद्यावर तीच टाचणी दिसायची तर कॅमेऱ्याला जवळ जावे लागते, आणि जवळ गेलेला कॅमेरा ‘हे लक्षात ठेवा’ असे बजावूनच मागे फिरतो. पुस्तकातल्या गुन्हेगाराला चेहरा नसतो; पडद्यावर एखादा नावाजलेला नट क्षुल्लक भूमिकेत दिसला की चाणाक्ष मुले पहिल्या दहा मिनिटांत त्याच्याकडे बोट दाखवतात. म्हणून रूपांतर करणाऱ्यांना जागा बदलाव्या लागतात, पात्रे जोडावी किंवा तोडावी लागतात, कधी शेवटही हलवावा लागतो. यातले सगळे बदल चांगले असतात असे नाही. पुष्कळदा ते आळसाने किंवा घाबरटपणाने केलेले असतात. पण बदल झाला एवढ्यावरून मोडतोड झाली असे ठरत नाही, आणि हे तुमचे दुसरे गृहीतक मला पहिल्यापेक्षाही कच्चे वाटते.

या बाबतीत सत्यजित राय यांचे उदाहरण मला फार बोलके वाटते, कारण तिथे लेखक आणि दिग्दर्शक एकच आहे. ‘संदेश’ या मुलांच्या मासिकातून १९६५ मध्ये राय यांनी फेलूदा हा गुप्तहेर आणला. त्याच्या कथा त्याचा चुलतभाऊ तोपशे सांगतो, त्यामुळे तोपशे जिथे नाही तिथले वाचकालाही कळत नाही. ‘सोनार केल्ला’ या कादंबरीत मुकुल नावाच्या मुलाला घेऊन राजस्थानात फिरणारा डॉक्टर तोतया आहे, हे वाचकाला पुष्कळ उशिरा उमगते. १९७४ साली याच कादंबरीवर राय यांनी स्वतः चित्रपट केला तेव्हा त्यांनी हे रहस्य आपणहून लवकर उघड करून टाकले: खऱ्या डॉक्टरला गडावरून ढकलून दिल्याचे प्रेक्षक पाहतात आणि तोतया कोण हेही त्यांना समजते. ‘कोण?’ या प्रश्नाची जागा ‘आता त्या मुलाचे काय होणार?’ या प्रश्नाने घेतली. मुकुल त्या माणसाचे बोट धरून निर्धास्त चालतो आहे आणि धोका फक्त प्रेक्षकाला ठाऊक आहे, ही जी घालमेल चित्रपटात होते ती तोपशेच्या निवेदनात शक्यच नव्हती. आपल्याच कादंबरीचे रहस्य फोडणाऱ्या या लेखकाला तुमचा नियम लावायचा तर तो पहिला आरोपी ठरेल. पुढची गोष्ट तर आणखी गमतीची आहे. चित्रपटात जटायू या रहस्यकथालेखकाची भूमिका संतोष दत्त यांनी केली, आणि ती इतकी चपखल बसली की त्यानंतर राय यांनी पुस्तकांसाठी काढलेल्या चित्रांतला जटायू त्यांच्यासारखा दिसू लागला. पडद्यावरून पुस्तकात असा उलटा प्रवासही होतो.

‘मूळ’ म्हणून आपण ज्याला कवटाळतो ते तरी किती स्थिर असते? नॅन्सी ड्रू या किशोरवयीन गुप्तहेर मुलीची पुस्तके १९३० मध्ये अमेरिकेत सुरू झाली. मुखपृष्ठावर कॅरोलिन कीन हे नाव असे, पण अशी कोणी लेखिका नव्हती; एडवर्ड स्ट्रेटमायर यांच्या संस्थेतून कथानकाचा आराखडा येई आणि लेखक ठरलेल्या मोबदल्यावर पुस्तक लिहून देत. सुरुवातीची बहुतेक पुस्तके मिल्ड्रेड वर्ट बेन्सन यांनी लिहिली. १९५९ पासून ही जुनी पुस्तके पुन्हा लिहून घेण्यात आली: पंचवीस प्रकरणांची वीस झाली, सोळा वर्षांची नॅन्सी अठराची झाली, वंशद्वेषी चित्रणे काढून टाकली गेली आणि काही पुस्तकांची तर कथानकेच बदलली. पहिली नॅन्सी अधिक बेधडक होती, नंतरची मवाळ झाली, अशी जुन्या वाचकांची तक्रार असते. म्हणजे नवे ते नेहमीच पुढारलेले असते असेही नाही. एनिड ब्लायटन यांच्या १९४२ ते १९६३ या काळात आलेल्या ‘फेमस फाइव्ह’ या इंग्रजी बालसाहसकथांच्या २१ पुस्तकांची भाषा प्रकाशकाने २०१० मध्ये आजच्या वळणाची करून पाहिली, वाचकांना ती रुचली नाही आणि २०१६ मध्ये प्रकाशकाने ते बदल मागे घेतले. तुमच्या मुलीला तुम्ही कोणत्या आवृत्तीतून वाचून दाखवत आहात हे पत्रावरून कळत नाही. आतल्या पानावरचा आवृत्तीचा मजकूर एकदा वाचून पाहा. आणि तुमच्या आठवणीतले ‘मूळ’ हे एका अनुवादकाने मराठी मुलांसाठी बेतून दिलेले रूप होते, हेही ध्यानात असू द्या. ते वाचताना तुमची फसवणूक झाली असे तुम्हाला कधी वाटले नाही.

रूपांतरे वाचनापासून तोडतात का, या प्रश्नाला माझ्याकडे सरसकट उत्तर नाही. पडद्यावर थांबणारी मुले असतातच. मात्र रूपांतरानेच पुस्तके जिवंत ठेवल्याची उदाहरणेही ठळक आहेत. रॉबर्ट आर्थर यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत सुरू केलेली ‘तीन शोधकां’ची बालरहस्यकथांची पुस्तकमालिका तिथे केव्हाच बंद पडली, पण जर्मनीत १९७९ पासून तिची श्राव्य नाट्यरूपे निघू लागली. त्या तिघा नायकांना तेव्हा आवाज देणारी मुलगेवजा नटमंडळी पुढे कित्येक दशके तेच आवाज देत राहिली, आणि या श्राव्य मालिकेच्या जोरावर जर्मन लेखकांनी नवी पुस्तके लिहिणेही चालू ठेवले. मूल पडद्याकडून पुस्तकाकडे येईल की नाही, हे मला वाटते पुस्तक त्या वेळी हाताशी आहे का आणि त्याविषयी बोलायला घरात कोणी आहे का, यावर पुष्कळसे ठरते. या क्षणी तुमच्या घरात पुस्तक आहे, आणि बोलणारा माणूस मात्र गप्प बसला आहे.

आता मुलीच्या त्या शेऱ्याविषयी. तुम्हाला तो आपल्या बालपणावरचा शेरा वाटला. मला तो चांगल्या वाचकाचा शेरा वाटतो: तिने एका पात्राच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या, कोणाला कोणती कामे दिली आहेत ते पाहिले आणि मत बनवले. यावर ‘त्या काळी तसेच होते’ असे उत्तर द्यायचा मोह होईल. ते खरे आहे, पण त्या वाक्यानंतर बोलण्यासारखे काही उरत नाही. त्याऐवजी तिला पुस्तकातले पान काढून दाखवायला सांगा. मग दोघे मिळून पाहा की घाबरणारी ती मुलगी नेमके काय पाहते आणि काय ऐकते, कारण अशा पुस्तकांत मागे ठेवलेल्या पात्राच्याच हाती कधी कधी सुगावा लागतो. तसे काही सापडले नाही तर तिचे म्हणणे मोकळेपणाने मान्य करा. अकरा वर्षांच्या मुलीला वाचून दाखवताना असली वाक्ये गाळू किंवा मऊ करू नका. तिला ती ऐकू दे आणि भांडू दे. दुसऱ्या बाजूने तुम्हीही एक प्रश्न विचारू शकता. वेबमालिकेतल्या मुलीला कधी भीती वाटलेली दिसते का? हल्लीच्या रूपांतरांत जुन्या पात्रांना शूर करण्याच्या भरात त्यांची भीतीच काढून घेतली जाते, आणि जिला कशाचीच भीती वाटत नाही तिने अंधाऱ्या तळघरात उतरण्यात काय विशेष, असे निदान मला तरी वाटते. यावर तुमच्या मुलीचे काय म्हणणे आहे हे ऐकायला मलाही आवडेल.

एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण अशाच पेचात सापडलेल्या इतर पालकांसाठी सांगायला हवी. पुस्तक मुलांचे होते म्हणून रूपांतरही मुलांचेच असेल असे धरून चालू नये. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे हा पुस्तकांत शाळकरी मुलगा आहे. २०१७ च्या मराठी चित्रपटात तो तरुण आहे, प्रकरण वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतल्या काळ्या धंद्याचे आहे, आणि दिलीप प्रभावळकरांच्या रूपाने खुद्द भागवतच एक पात्र म्हणून कथेत वावरतात. ती पुस्तके वाचून मोठ्या झालेल्यांना डोळ्यांपुढे ठेवून केलेले हे रूपांतर आहे, आणि त्यात गैर काही नाही. नॅन्सी ड्रूवर २०१९ मध्ये आलेली अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकाही भुताखेतांची आणि थोराड वयाच्या प्रेक्षकांची आहे. म्हणून मुखपृष्ठावरच्या ओळखीच्या नावावर विसंबू नये. वयोगटाची सूचना वाचावी आणि एखादा भाग आपण आधी पाहावा. तसेच, एकाच मालिकेत मूल अडकून पडले अशी काळजी करणाऱ्यांनी थोडा धीर धरावा. ओळखीची पात्रे आणि ओळखीची मांडणी असली की नवशिक्या वाचकाचा निम्मा भार हलका होतो आणि वेग वाढतो. अठरावे पुस्तक आठव्यासारखेच आहे हे ज्या दिवशी त्याला कळते त्या दिवशी ते आपसूक दुसरीकडे वळते.

तुमच्या नियमाकडे येतो. ‘आधी पुस्तक, मग पडदा’ हा नियम तुम्ही रहस्य राखण्यासाठी केला होता. मुलीसाठी तो आता निरुपयोगी आहे, म्हणून तो रद्द केल्याचे तिला सरळ सांगा आणि मागच्या प्रकरणाची उलटतपासणी टाळा. तिने नियम मोडला हे खरे, पण जे बघायला सगळ्या मैत्रिणी एकत्र बसल्या होत्या तिथून एकटीने उठून जावे, ही अपेक्षा जरा जास्तच होती. सात वर्षांच्या मुलासाठी मात्र तोच नियम वेगळ्या कारणाने चालू ठेवावा असे मला वाटते. पुस्तकातले भुयार तो आपल्याला सोसेल इतकेच अंधारे करतो. पडद्यावरचा अंधार दिग्दर्शकाने ठरवलेला असतो, आणि वर त्याला संगीताची जोड असते. तुम्ही लिहिता की तो दाराशी बसून चोरून ऐकत असतो. त्याला आत घ्या, आणि पहिले पुस्तक त्याला मुलीने वाचून दाखवावे असे सुचवून पाहा. शेवट माहीत असताना वाचून दाखवण्यात काय मजा असते, हे तिला सांगून कळणार नाही, करून कळेल. शेवट न फोडण्याची जबाबदारी मग तिची राहील, आणि ती तुमच्यापेक्षा कडक निघेल.

राहिला दुसरा सीझन. तो पुस्तके संपेपर्यंत बंद ठेवायचा ठरवला तर दोन गोष्टी घडण्याची शक्यता आहे: ती तो बाहेर पाहून येईल आणि या वेळी तुम्हाला सांगणार नाही, आणि घरातले वाचन म्हणजे सीझन मिळवण्यासाठी उरकायचा अभ्यास होऊन बसेल. उरलेली पुस्तके घाईने वाचून संपवण्याचा मार्ग यापेक्षा बरा वाटला तरी त्यात हाच दोष आहे. सगळे तिच्यावर सोपवून बाजूला होणे हा तिसरा पर्याय, आणि सध्या तुम्ही नकळत तोच स्वीकारला आहे. माझे मत असे की पाचवे पुस्तक जिथे थांबले तिथून याच आठवड्यात सुरू करावे, तिला लेखकाचा माग काढू द्यावा, आणि दुसऱ्या सीझनबाबत तिलाच विचारावे: ज्या पुस्तकांचा शेवट अजून माहीत नाही ती आधी वाचायची आहेत, आधी पाहायची आहेत, की एक वाचून एक पाहायचे आहे? तिने ‘आधी पाहू’ असे म्हटले तर पाहा, पण एकत्र पाहा आणि एका बैठकीत एकच भाग पाहा, म्हणजे चोर कोण यावर पैज लावायला मध्ये एक दिवस मिळेल. तिने वाचनच नको म्हटले तर काही दिवस थांबा आणि तुम्हा दोघांनाही ठाऊक नसलेली एखादी रहस्यकथा आणून ती वाचायला घ्या. तिथे दोघेही एकाच रेषेवरून सुरुवात कराल. आणि दुसरा सीझन एकत्र बघायची वेळ आलीच, तर ‘पुस्तकात असे नव्हते’ हे वाक्य भाग संपेपर्यंत तोंडातून बाहेर पडू देऊ नका. भाग संपल्यावर ते खुशाल म्हणा, आणि कोणत्या पुस्तकात, कोणत्या पानावर नव्हते, हे तिला दाखवायला पुस्तक शेजारी घेऊनच बसा.